कॉम्प्युटरच्या पोटातले उखर्डूअण्णा

डोईफोडियाच्या सहकारी संस्थेपुढे त्या सकाळी अशी झुंबड उडाली होती, की केळीने भरलेली पिकअप मागे घ्यायलाही जागा उरली नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती, ओट्यावरच्या बाकावर पोरं उभी होती, आणि ज्यांना आतलं काहीच दिसत नव्हतं तेच सगळ्यात जास्त सांगत होते.

आत संस्थेचा नवा कॉम्प्युटर हार घालून बसवलेला. त्याच्यापुढे इतवाऱ्याचा प्रसिद्ध जोडबाबा उभा. मोडलेली हाडं, तुटलेली लग्नं, रुसलेले भाऊ असं सगळं जोडून झाल्यावर आता तो नेटवर्क जोडायला लागला होता. हातात मोरपिसांचा कुंचा, खांद्याला भगवी झोळी, आणि तोंडात अर्धी मराठी, अर्धी हिंदी.

पडद्यावर एक खिडकी होती आणि तिच्या कोपऱ्यात नेट तुटल्याची लाल फुली.

"बोल, अंदरवाले, बोल!" जोडबाबा गरजला. "सात टावर बांधीन, सात तारा बांधीन! टूजी को बांधूं, थ्रीजी को बांधूं, फोरजी का पानी पिलाऊं! सोड! गळा सोड! छू!"

त्याने कुंचा पडद्यावर मारला, मग झोळीतून चिमूटभर भस्म काढून उधळलं. माणसं श्वास रोखून बघत राहिली. आणि थोड्या वेळाने लाल फुली खरंच गेली.

"आलं रे आलं! नेट आलं!" खिडकीतला कडूभाऊ ओरडला. "व माय! डोळ्यानं पाह्यलं भो म्या!"

जयजयकार झाला. त्या जयजयकारात निर्मला भिंतीजवळ एका स्टुलावर बसली होती. तिच्याभोवती भस्माचं गोल रिंगण आखलेलं होतं. मंत्र चालू असेपर्यंत त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा बाबाचा हुकूम होता. खरं तर या कचेरीची सेक्रेटरी तीच होती.

"परसों अमावस आहे," जोडबाबा तिच्याकडे न बघता लोकांना म्हणाला. "त्या दिवशी या बाईनं खुर्ची सोडायची. नाही सोडली, तर आतला जीव कायमचा कोंडला. मग मला बोलवू नका."

गर्दीत मागून कुणीतरी एक शब्द हळूच उच्चारला. निर्मलाला तो नीट ऐकू आला. "डाकण."  या पट्ट्यात तो शब्द एकदा बाईला चिकटला, की विहिरीवर तिची घागर वेगळी होते, आणि पुढे काय काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आता हा आतला जीव कुणाचा, ते सांगायला हवं.

उखर्डूअण्णा म्हणजे निर्मलाचे सासरे आणि संस्थेचे जुने सेक्रेटरी. एका दुपारी केळीचे भाव टाकता टाकता त्यांनी टेबलावर मान टेकली ती पुन्हा उचलली नाही. पुढे रीतसर परीक्षा होऊन त्यांच्या जागी निर्मलाची निवड झाली. तिचा नवरा वामन केळीचा ट्रक घेऊन कायम दिल्लीच्या वाटेवर असायचा, त्यामुळे घरात सून आणि सासू गोदाबाई अशा दोघीच.

ती वर्षं विलीनीकरणाची होती. गावोगावच्या लहान संस्था जिल्ह्याच्या एका मोठ्या यंत्रणेत मिळवल्या जात होत्या. राजपुऱ्यातल्या मुख्य कार्यालयातून नवा कॉम्प्युटर आला. पण अण्णांच्या काळचा जुना प्रोग्राम त्याच्यावर चालेना. मग बसवायला आलेल्या माणसाने अण्णांचा जुना कॉम्प्युटर होता तसाच्या तसा, त्यातल्या चित्रासकट नि नावासकट, नव्याच्या पोटात उतरवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. टेबलावर यंत्र एकच दिसतं, पण त्यात दोन कॉम्प्युटर नांदतात. एक बाहेरचा, हाताला लागणारा. दुसरा पडद्यावरच्या एका खिडकीत राहणारा, सगळं काम खऱ्यासारखं करणारा. गावाने सरळ त्याचं नाव ठेवलं 'पोटातला'.

पोटातला पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा गोदाबाई सुनेचा डबा घेऊन आली होती. पडद्यावर अण्णांनी हौसेने लावलेला तापीच्या घाटाचा फोटो आला आणि खाली अक्षरं उमटली, 'स्वागत, उखर्डू.' कुणीतरी ती मोठ्याने वाचली. गोदाबाईच्या हातातला डबा तिथेच राहिला. तिने पडद्याला हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. त्या दिवसापासून ती रोज यायची, नाव बघायची, दोन शब्द पुटपुटायची आणि जायची. निर्मलाने तिला कधी हटकलं नाही. म्हातारीला बरं वाटतंय, आपलं काय जातंय, असं तिला वाटलं. तेच पुढे अंगाशी आलं.

कारण दिवाळीनंतर पोटातल्याचं कनेक्शन तुटायला लागलं. बाहेरच्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत: बातम्या दिसायच्या, बुऱ्हाणपूरच्या लिलावातले केळीचे भाव दिसायचे, गाणी वाजायची. फक्त पोटातल्याच्या कोपऱ्यात लाल फुली. आणि शेतकऱ्यांची नावं जिल्ह्याच्या यंत्रणेत चढवायची तर ती पोटातल्यातूनच चढायची. लोक हेलपाटे घालून वैतागले. तेव्हा संस्थेचे उपाध्यक्ष गजाननराव यांनी जोडबाबाला आणलं, आणि बाबाने आल्या आल्या निदान केलं.

"बाहेर हवा आहे, आत हवा नाही. म्हणजे काय? म्हणजे आतल्याचा गळा कुणीतरी धरलाय! उखर्डू बैठा है अंदर. त्याच्या खुर्चीत कोण बसलंय, ते बघा."

सगळ्यांनी बघितलं. निर्मलाला त्या नजरा अजून आठवत होत्या.

बाबाचा पट्टशिष्य होता रमेश, गजाननरावांचा भाचा. कॉम्प्युटर शिकलेला. सेक्रेटरीच्या जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता आणि निवड न झाल्यावर त्याला एकाएकी वैराग्य आलं. बाबाची झोळी तोच सांभाळायचा. वैराग्य आलेल्या माणसाने संस्थेच्या ओट्यावर रोज येऊन का बसावं, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

त्या संध्याकाळी निर्मला भाकरी थापत होती तेव्हा गोदाबाई चुलीपुढे येऊन बसली.  मग तिने चक्क सुनेपुढे हात जोडले.

"आत्याबाई, हे काय करताय?"

"पोरी, मी तुले डाकण म्हनत नाई. तू माह्या लेकीसारखी. पन त्यांचा जीव तिथं घुसमटून राह्यला. दम्याचं मानूस व ते. जित्तेपनीबी असंच कोंडायचं त्याइले. सोडून दे ना खुर्ची."

निर्मलाची भाकरी तव्यावर करपली. हिच्याशी भांडायचं कसं? बाबाशी भांडता येतं, गजाननरावांशी येतं. पण बाबाच्या सांगण्यावरून स्वतः अन्न सोडून नवऱ्याच्या श्वासाची काळजी करणाऱ्या या म्हातारीशी काय बोलायचं? खुर्ची सोडली, तर 'हिनेच गळा धरला होता' हे कायमचं खरं ठरणार. नाही सोडली, तर घरातच सासूचे अश्रू आणि दारात गाव. ती पुरती कोंडीत सापडली होती. तिने चूल विझवली, मोबाईल घेतला आणि मागच्या अंगणात जाऊन राजपुऱ्याला रजनीला फोन लावला. रजनी मुख्य कार्यालयात गावोगावच्या संस्थांचे कॉम्प्युटर बघायची.

"रजनीताई, माझं डोकं चालेना झालंय."

"डोकं चालतंय तुझं, म्हणून तर फोन केलास," रजनी म्हणाली. "देख, भूत-बूत बाद में. पोटातल्याला स्वतःचं दार नाही. तो बाहेरच्याच्या दारातून ये-जा करतो, भाडेकरू समज. आम्ही त्याला आकड्यांचा एक पक्का पत्ता देऊन ठेवलाय, तो तुमच्या संस्थेच्या वाय-फायच्या डब्यापुरताच चालतो. बाहेरच्याचं तसं नाही. तो ज्या डब्याला जोडला जाईल, त्या डब्याकडून नवा पत्ता घेतो आणि मजेत राहतो. समझी?"

"समजलं. मग?"

"मग लाल फुली आली की पोटातल्याकडे बघूच नको. बाहेरच्याचा पत्ता वाच आणि मला सांग."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यावर निर्मलाने रजनीने सांगितल्याप्रमाणे पत्ता बघितला. पोटातल्याचे आणि बाहेरच्याचे सुरुवातीचे आकडे सारखे होते, फुली नव्हती. मग रमेश आला, झोळी मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. थोड्या वेळाने वाय-फायच्या डब्याचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. फुली आली. निर्मलाने बाहेरच्याचा पत्ता पुन्हा वाचला. आकडे साफ बदललेले होते.

तिने ते रजनीला कळवले. रजनीने फोनवर शिट्टी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली.

"तुझा कॉम्प्युटर दुसऱ्याच डब्याला जाऊन चिकटलाय, बाई. भाडेकरू जुन्या गल्लीचा पत्ता धरून बसलाय आणि मालकाने घर हलवलं! पण त्या दुसऱ्या डब्याचं नाव आणि पासवर्ड हुबेहूब तुमच्यासारखेच असले पाहिजेत, त्याशिवाय तो फसणार नाही. असा डबा मोबाईलमध्येसुद्धा बनतो. पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

निर्मलाला हसावं की रडावं कळेना. पासवर्ड अख्ख्या गावाला माहीत होता. संस्थेचं ते सगळ्यांचं, असा अण्णांचा खाक्या. केळीचा भाव बघायला येणाऱ्या कुणालाही मोबाईल जोडता यावा म्हणून त्यांनी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड ओट्याच्या भिंतीवर भावफलकाखाली ऑइलपेंटने लिहून ठेवला होता. डब्याचं बटणही ओट्यावरच, लाइट झपकली की कुणीही बंद-चालू करावं म्हणून. रमेशने फक्त बटण क्षणभर दाबायचं आणि झोळीतला मोबाईल तयार ठेवायचा.

ती तडक गजाननरावांकडे गेली. त्यांनी पान लावता लावता सगळं ऐकून घेतलं.

"वा!" ते म्हणाले. "तुझ्यावर आळ आला, तर आता माझ्या भाच्यावर घालतेस? आकडे-फाकडे गावाला काय समजणार? उद्या अमावस. चार्ज देऊन टाक आणि मोकळी हो."

ती परत निघाली. वाटेत दोन बाया तिला बघून बाजूला झाल्या, लेकरं पदराखाली ओढून. सत्य तिच्या हातात होतं, पण ते बघायला कुणी तयार नव्हतं. तिला भयंकर राग आला, आणि त्या रागातूनच तिला सुचलं, की सांगून उपयोग नाही, दाखवावं लागेल. तिने गजाननरावांना निरोप धाडला: चार्ज देते, पण मुख्य कार्यालयाच्या समोर. रजनीताई कॉम्प्युटरवर साक्षीला राहतील. गजाननराव खूश झाले. राजीनामा पक्का होईल, त्यांना आणखी काय हवं होतं?

अमावस्येला पुन्हा तीच गर्दी, तेच रिंगण, तोच स्टूल. बाहेरच्या कॉम्प्युटरवर रजनीचा चेहरा, बाजूच्या खिडकीत पोटातला आणि त्याच्या कोपऱ्यात लाल फुली. रमेशने आपलं काम आधीच उरकलं होतं. गोदाबाई दाराशी बसली होती, तीन वेळा उठून पडद्याला हात लावून आली होती.

जोडबाबाने कुंचा उचलला. "आज शेवटची सोडवणूक! फिर आजाद!"

"बाबा, जरा थांबा," निर्मला म्हणाली.  "मी रिंगणाबाहेर येत नाही, कशाला हात लावत नाही. फक्त आत्याबाईंना एक काम सांगते. आत्याबाई, ओट्यावरचं वाय-फायच्या डब्याचं बटण बंद करा."

"काहून व?" गोदाबाईने विचारलं.

"या कचेरीत नेट येतं ते त्या डब्यातूनच. तो बंद केला, की बाहेरच्याचंही बंद पडलं पाहिजे. रजनीताई दिसायच्या बंद झाल्या पाहिजेत. बघू तरी."

यात वावगं काय, असं कडूभाऊही म्हणाला. गोदाबाईने बटण दाबलं. डब्याचे दिवे विझले. सगळे पडद्याकडे वळले.

"मी इथेच आहे," पडद्यावरची रजनी शांतपणे म्हणाली. "ऐकू येतंय ना सगळ्यांना?"

"अरे, ही तं बोलून राह्यली अजून!" कडूभाऊ म्हणाला. "डबा बंद, मंग नेट कुठून आलं भो?"

रमेशचा चेहरा पडला. पण जोडबाबाला वाटलं, देवानेच संधी पाठवली. त्याने झोळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

"कुठून आलं? यातून आलं! डबा बंद, फिर भी चालू! याला म्हणतात शक्ती! या झोळीत आहे, या झोळीत!"

"खरंय, बाबा," निर्मला म्हणाली. "अगदी खरं बोललात. झोळीतच आहे. मग आत्याबाईंना ती झोळी घेऊन जरा शाळेपर्यंत जाऊन येऊ द्या. गावावरून ओवाळल्यासारखं होईल."

"ले जाओ, माई! पूरा गांव घुमाओ!" बाबाने झोळी गोदाबाईच्या हातात दिलीसुद्धा. त्याला मोबाईल ठाऊक होता, पण मोबाईलची पोच किती असते ते ठाऊक नव्हतं.

"काकू, नका! झोळी बाईमाणसाने उचलायची नसते!" रमेश पुढे धावला.

"गुरूनं देली ना?" कडूभाऊने त्याचा दंड धरला. "मंग तू कोन रे आडवनारा?"

गोदाबाई झोळी छातीशी धरून निघाली. गर्दीने वाट दिली. रजनी पडद्यावर बोलत राहिली, "शाळा किती लांब आहे गं तुमची? आमच्या राजपुऱ्यात तर..." आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चित्र गोठलं. बाहेर पोरं ओरडली, "आजी शाळेपाशी पोचली!"

 मग पोरांनीच आजीला हाक मारली. ती परत फिरली, ओट्यावर चढली. जरा वेळाने पडदा हलला. "हॅलो? हॅलो? मला कुणी दिसत नव्हतं. काय झालं?"

"आखीन एक खेप जाऊन येते," गोदाबाई म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं. ती पुन्हा शाळेपर्यंत गेली, रजनी पुन्हा गोठली. ती आली, रजनी पुन्हा बोलू लागली. तेव्हा गोदाबाईने झोळीत हात घातला. भस्माची पुडी काढली, लिंबू काढलं आणि खालून एक मोबाईल काढला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो कडूभाऊकडे दिला.

कडूभाऊने डोळे बारीक केले. "यात तं आपल्या संस्थेचं नाव हाय. ओट्याच्या भिंतीवर लिव्हलंय तेच. आन् खाली लिव्हलंय, एक कॉम्प्युटर जोडलेला हाय."

मग निर्मलाने सगळं उलगडून सांगितलं: ओट्यावरचं बटण, मोबाईलमधला नकली डबा, घर बदलणारा मालक, आणि जुन्या पत्त्यावर अडकलेला भाडेकरू. "बाबा मंत्र म्हणायचे, भस्म काढायला झोळीत हात घालायचे आणि तिथेच मोबाईलचं बटण बंद करायचे. कॉम्प्युटर आपोआप संस्थेच्या डब्याकडे परत यायचा. लाल फुली जायची. एवढीच करामत."

"मोबाईल माझा नाही, शिष्याचा आहे!" जोडबाबा म्हणाला.

"मामांनी सांगितलं म्हणून केलं," रमेश म्हणाला.

मामा तोवर गर्दीत स्वतःची चप्पल शोधत होते.

लोक बाबावर धावून जाणार, तेवढ्यात गोदाबाई सुनेजवळ आली. तिला बाबाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं.

"म्हंजे ते आत नाईत?"

 खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारीला रोज बघायला एक नाव तरी उरलं असतं. पण अशाच खोट्यावर तर बाबाचं दुकान उभं राहिलं होतं.

"नाहीत, आत्याबाई. मामंजींनी कधीतरी स्वतःचं नाव त्यात घातलं होतं. यंत्र तेच दाखवत राहतं. माणूस गेला, हे यंत्राला कळत नाही."

"मंग त्याइले तरास नाई?"

"कसलाच नाही. दमाही नाही."

गोदाबाई तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. अण्णा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि नवरा दुसऱ्यांदा गेला होता. दोन्ही एकदमच झालं. मग तिने नाक पुसलं, उठली आणि जोडबाबासमोर जाऊन उभी राहिली.

"मेलेल्या मानसाचा श्वास कोंडला म्हनून तू मले उपाशी ठेवलं. मी अन्नाले शिवले नाई. अन् माह्या तोंडून माह्या सुनेले बोलवलं, खुर्ची सोड म्हनून." तिने गर्दीकडे वळून बघितलं. "तुमीबी आयका. कोंडला व्हता जीव, खरा. पन तो ह्या पोरीचा. अन् कोंडनाऱ्यांत मीबी व्हते."

एवढं बोलून तिने भस्माचं रिंगण पायाने विस्कटून टाकलं आणि निर्मलाचा हात धरून तिला स्टुलावरून उठवलं. कुणी अडवलं नाही. निर्मला खुर्चीत बसली. तिने डबा पुन्हा चालू करून घेतला, वाय-फायचा पासवर्ड बदलला आणि शेतकऱ्यांना रांग लावायला सांगितलं. रांगेत पहिल्या नंबरला ज्या माणसाने दोन दिवसांपूर्वी मागून तो शब्द उच्चारला होता तोच उभा होता. त्याची मान खाली होती. तिने त्याचंही नाव चढवलं.

गावात अजूनही दोघंचौघं म्हणतात, की मोबाईल होता ते ठीक, पण काहीतरी असेलच. त्यांना म्हणू द्या. तुम्ही-आम्ही मात्र एवढं लक्षात ठेवू. तुटलेलं कनेक्शन मंत्राने जुळत नाही. ते कुठे तुटलं हे एकेक पायरी तपासून शोधावं लागतं, आणि शोधलं की सापडतं. जे अजून सापडलं नाही ते फक्त सापडलेलं नाही, त्यात भूत नाही. तेव्हा यंत्र बिघडलं तर यंत्र तपासा. घरातली बाई तपासू नका.